परदेशातील आदानप्रदान कार्यक्रमाने समाजकार्यकर्ता बदलतो, म्हणजे नेमके काय होते?

प्रश्न: समाजसेवा अधीक्षक, मराठवाडा

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक या पदावर गेली चौदा वर्षे काम करते. समाजकार्यकर्त्यांसाठी असलेल्या एका आंतरराष्ट्रीय आदानप्रदान कार्यक्रमातून येत्या सप्टेंबरमध्ये पाच आठवडे स्वीडनला जाण्याची संधी मला मिळाली आहे. राहण्याची सोय तेथील समाजकार्यकर्त्यांच्या घरी आहे. दिवसा रुग्णालये आणि नगरपालिकेची सेवाकेंद्रे पाहायची आहेत आणि आठवड्यातून एकदा निरनिराळ्या देशांतून आलेल्या सर्वांनी एकत्र बसून आपापल्या कामातील एक प्रकरण मांडायचे आहे. रजा मंजूर झाली आहे आणि मुलाच्या नववीच्या अभ्यासाकडे लक्ष देण्याची जबाबदारी सासूबाईंनी आनंदाने घेतली आहे.

तरीही मन स्थिर नाही. आमच्या एका ज्येष्ठ सहकारी मॅडमनी सांगितले, की जाऊन ये, पण परत आल्यावर आपले बाह्यरुग्ण विभागातले टेबल आणि आपली माणसे परकी वाटतील, त्याची तयारी ठेव. दुसऱ्या एका सहकाऱ्यांचे मत असे, की पाच आठवड्यांत माणूस काही बदलत नाही, फार तर एक प्रमाणपत्र मिळते. या दोन्हींपैकी खरे काय, हे जाऊन आलेल्यांकडून मला समजून घ्यायचे आहे.

हा प्रश्न माझ्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण स्वतःच्या कामाची ओळख सांगताना मी आजही अडखळते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे माझ्याकडे येतात म्हणून रुग्ण मला 'योजनेच्या मॅडम' म्हणतात. डॉक्टर 'सोशल वर्करला बोलवा' म्हणतात तेव्हा बहुधा एखादा बेवारस रुग्ण दाखल झालेला असतो. माहेरी सगळे सांगतात, की आमची मुलगी समाजसेवा करते, आणि मी प्रत्येक वेळी मनातल्या मनात म्हणते, की मी समाजसेवा करत नाही, समाजकार्य करते. त्यासाठी मी दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे आणि तो माझा व्यवसाय आहे. स्वीडनमध्ये रुग्णालयातील समाजकार्यकर्त्याला 'कुराटोर' म्हणतात आणि २०१९ पासून आरोग्यसेवेतील कुराटोरला शासकीय परवाना दिला जातो, हे वाचले तेव्हा आनंद झाला आणि खरे सांगायचे तर हेवाही वाटला. परदेशात जाऊन आल्यावर तुमची स्वतःबद्दलची कल्पना बदलली का? बदलली असेल, तर ती कामात कुठे दिसली?

उत्तर: निवृत्त परिवीक्षा अधिकारी, पुणे

ताई, मनापासून अभिनंदन. मी १९८६ साली चार महिने अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे अशाच कार्यक्रमासाठी गेले होते. त्या वेळी निरीक्षणगृहातील, म्हणजे पळून आलेल्या किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांच्या गृहातील, मुलांची परिवीक्षा अधिकारी म्हणून मला आठ वर्षे झाली होती. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला क्लीव्हलँडमध्ये मिळाले नाही, परतल्यावर सात-आठ महिन्यांनी एका गृहभेटीत मिळाले. परंतु त्याआधी घरी राहण्याविषयी सांगते, कारण जी गोष्ट तुम्ही निवासाची सोय म्हणून एका वाक्यात सांगितली आहे, तीच या कार्यक्रमांचा गाभा आहे.

क्लीव्हलँडचा कार्यक्रम १९५६ साली हेन्री ओलेनडॉर्फ यांनी सुरू केला. ते मूळचे जर्मनीतील ज्यू वकील. नाझी राजवटीत देश सोडावा लागल्यावर ते अमेरिकेत आले आणि पुढे क्लीव्हलँडच्या वस्ती-केंद्रांच्या, म्हणजे गरीब वस्तीतच चालणाऱ्या समाजकेंद्रांच्या, कामात रमले. ज्या देशातून आपल्याला परागंदा व्हावे लागले, त्या देशातील तरुण कार्यकर्त्यांना त्यांनी बोलावून घेतले आणि अमेरिकन कुटुंबांच्या घरात राहायला पाठवले. युद्ध संपून तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती. एकमेकांच्या स्वयंपाकघरात बसल्याशिवाय ही माणसे एकमेकांना माणूस म्हणून ओळखणार नाहीत, हा विचार त्यामागे होता, असे मला नेहमी वाटत आले आहे. पुढे १९६० मध्ये या कार्यक्रमातून परतलेल्यांनी युरोपात आंतरराष्ट्रीय फेलोशिप परिषद स्थापन केली, अनेक देशांत तिच्या शाखा निघाल्या आणि भारतातही तिची शाखा आहे.

मी तेथे तीन घरांत राहिले. पहिल्या संध्याकाळी मला न्हाणीघरातील नळ सुरू करता आला नाही आणि तो कसा सुरू करायचा हे विचारायची लाज वाटली, म्हणून मी तशीच झोपले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये नेमकी तेवढीच नाणी टाकावी लागतात हे ठाऊक नसल्यामुळे मी खाली उतरले आणि चालत गेले. पुण्यात मी चाळीस मुलांच्या भवितव्याविषयी अहवाल लिहीत होते आणि येथे मला जेवायला कधी बसायचे, उरलेले अन्न कुठे ठेवायचे, दार आतून लावले तर चालेल का, हे सारे दुसऱ्याला विचारावे लागत होते. त्या बाईंनी मला सगळे प्रेमाने दाखवले, पण प्रत्येक वेळी विचारताना मी थोडी लहान होत होते. निरीक्षणगृहात पहिल्या रात्री आलेले मूल पाणी कुठे आहे हे न विचारता तहानलेलेच का झोपते, हे मला त्या आठवड्यात कळले. आठ वर्षे मी त्या मुलांना 'काही हवे असेल तर सांगा' एवढेच सांगत आले होते. परतल्यावर मी नव्या मुलाला स्वतः हात धरून पाण्याची टाकी, संडास, दिव्याचे बटण आणि रात्रपाळीच्या काळजीवाहकांची खोली दाखवू लागले.

आता प्रकरण मांडण्याविषयी. माझी पाळी आली तेव्हा मी घरातून पळून आलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलाची हकीकत अभिमानाने सांगितली. त्याच्या वस्तीतील वाण्यापासून सुरुवात करून, शेजाऱ्यांना विचारत विचारत मी त्याच्या मामापर्यंत कशी पोहोचले आणि मामाने त्याला कसे सांभाळले, असा तो प्रवास होता. गटातील फिनलंडच्या सहकाऱ्याने शांतपणे विचारले, 'त्याची गोष्ट वाण्याला आणि शेजाऱ्यांना सांगण्याची परवानगी त्या मुलाने तुम्हाला दिली होती का?' मला राग आला. आमच्याकडे शेजारी परका नसतो, असे मी उत्तर दिले आणि ते खोटेही नव्हते. पण त्या रात्री झोप लागली नाही, कारण ती परवानगी मी कधीच मागितली नव्हती, त्या मुलाकडेही नाही आणि इतर कोणाकडेही नाही. त्याच वेळी हेही जाणवले, की वाणी, शेजारी आणि मामा यांचे जे जाळे मी इतकी वर्षे वापरत होते ते माझे फार मोठे कौशल्य होते, आणि माझ्या अहवालांत त्याचा उल्लेख 'नातेवाइकांचा शोध घेतला' या तीन शब्दांपलीकडे कधी आला नव्हता. एकाच प्रश्नाने माझी चूक आणि माझे बळ दोन्ही मला दाखवून दिले.

परतल्यावरची ती गृहभेट अशी. पत्र्याची एकच खोली होती, दाराशी नेहमीप्रमाणे पाच-सहा बायका येऊन उभ्या राहिल्या. पूर्वी मी त्यांच्यासमोरच बोलले असते, उलट त्यांनाच दोन प्रश्न विचारले असते. त्या दिवशी मी थांबले. दार लावून घेतले असते तर वस्तीत अधिकच बोलणे झाले असते, त्यामुळे मी त्या आईला म्हटले, 'चला, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येऊ.' चालता चालता तिने मला ते सांगितले, जे आधीच्या चार भेटींत सांगितले नव्हते. ही पद्धत मला क्लीव्हलँडमध्ये कोणी शिकवली नव्हती आणि पुण्यातही मी ती आधी वापरली नव्हती. तुमच्या सहकारी मॅडम म्हणतात तसे माणसे परकी वाटण्याचे दिवसही आले, सुरुवातीचे दोन महिने तर फारच जड गेले. ते निघून गेले.

उत्तर: प्राध्यापक, समाजकार्य महाविद्यालय, विदर्भ

वरील ताईंचा अनुभव वाचून समाधान वाटले. त्यांच्या म्हणण्याला छेद देण्याचा हेतू नाही, परंतु या विषयाची दुसरी बाजूही प्रश्नकर्त्या मॅडमनी जाण्यापूर्वी पाहावी असे वाटते.

आपला व्यवसाय जन्मापासूनच प्रवासाने घडला आहे. अमेरिकेच्या जेन अ‍ॅडम्स यांनी १८८८ मध्ये लंडनचे टॉयन्बी हॉल हे वस्ती-केंद्र पाहिले आणि पुढच्याच वर्षी शिकागोत हल हाऊस हे तसेच केंद्र उघडले. रुग्णालयात समाजकार्यकर्ता नेमण्याची सुरुवात १८९५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये मेरी स्ट्युअर्ट यांच्यापासून झाली आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशी पहिली नेमणूक १९४६ मध्ये झाली. म्हणजे मॅडम, तुमचे पदही असेच समुद्र ओलांडून आले आहे. अमेरिकन मराठी मिशनमार्फत मुंबईत आलेल्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ साली नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केले आणि १९३६ मध्ये तेथेच सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था उभी राहिली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था.

अडचण प्रवासाच्या दिशेची आहे. अमेरिकेत तयार झालेली व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन (म्हणजे एकेका व्यक्तीसोबत, गटासोबत आणि वस्तीसोबत काम करण्याच्या पद्धती) ही चौकट आपण जवळपास जशीच्या तशी घेतली. मुंबईच्या गिरणगावात किंवा मेळघाटात ती कितपत लागू पडते, हा प्रश्न बराच उशिरा विचारला गेला. समाजकार्याचे अभ्यासक जेम्स मिजली यांनी १९८१ मध्ये या प्रकाराला 'व्यावसायिक साम्राज्यवाद' असे नाव दिले. ते नाव कठोर आहे, पण अनाठायी नाही. आजही आमच्या महाविद्यालयात जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात युरोपातील विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी येतात. आमच्या विद्यार्थ्यांना मात्र विमानाचे भाडे, व्हिसा आणि बँकेतील शिलकीचा दाखला या तीन गोष्टींपाशी थांबावे लागते. एका बाजूचीच ये-जा असेल, तर तिला आदानप्रदान म्हणताना मला संकोच वाटतो.

असे असूनही हे कार्यक्रम बंद व्हावेत असे मी म्हणत नाही, आणि त्याचे कारण एका मुलीत आहे. काही वर्षांपूर्वी नॉर्वेहून आलेल्या दोन विद्यार्थिनींना आम्ही महिलांच्या समुपदेशन केंद्रात पाठवले आणि दुभाषी म्हणून आमची द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी सोबत दिली. ती जवळच्या तालुक्यातील शेतकरी कुटुंबातली होती आणि तिचे इंग्रजी बेताचे होते. पहिल्याच दिवशी केंद्रात आलेल्या एका स्त्रीने सांगितले, 'मला काही नको, मला फक्त नांदायचं आहे.' पाहुण्या मुलींनी अर्थ विचारला आणि आमची मुलगी थांबली. 'तिला नवऱ्याबरोबर राहायचे आहे,' असे तिने सांगून पाहिले, पण ते पुरेसे नव्हते हे तिलाच कळत होते. नांदणे या शब्दात घर आहे, मान आहे, सासरच्या माणसांनी आपले म्हणून स्वीकारणे आहे, आणि माहेरी परत जावे लागले तर भावजयीच्या नजरेला तोंड द्यावे लागेल ही भीतीही आहे. 'टाकलेली', 'सोडचिठ्ठी', 'पदरात घेणे' असे एकेक शब्द पुढे येत गेले आणि प्रत्येक ठिकाणी तिला थांबून विचार करावा लागला, की आपण ज्या शब्दांत वाढलो त्यांच्या पोटात बाईविषयी नेमके काय गृहीत धरलेले आहे.

सहा आठवड्यांनी पाहुण्या मुली बऱ्याच आठवणी घेऊन परत गेल्या. बदल झाला होता तो दुभाषी मुलीत. तिने आपल्या अहवालात लिहिले, की 'मी आतापर्यंत अशिलाचे म्हणणे ऐकत नव्हते, कारण ते मला आधीच ठाऊक आहे असे मला वाटत होते.' आजवर वाचलेल्या क्षेत्रकार्याच्या अहवालांपैकी मला हे वाक्य सर्वांत जास्त लक्षात राहिले आहे. तिने पारपत्रही काढलेले नव्हते.

त्यामुळे मॅडम, तुम्ही तेथे शिकायला जात आहात तसेच दाखवायलाही जात आहात, हे विसरू नका. पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्त्या बसवून हिंसाग्रस्त स्त्रियांना तेथेच मदत देणारा विशेष कक्ष मुंबईत १९८४ मध्ये सुरू झाला आणि पुढे राज्यातील इतर जिल्ह्यांत गेला. त्याविषयी तेथील सहकाऱ्यांना सविस्तर सांगा. आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१४ मध्ये मेलबर्न येथे समाजकार्याची जी नवी व्याख्या स्वीकारली, तिच्यात सामूहिक जबाबदारी आणि स्थानिक, परंपरागत ज्ञान यांना स्थान मिळाले, ते आपल्यासारख्या देशांतील कार्यकर्त्यांनी आग्रह धरला म्हणून. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने माओरी समाजाच्या विस्तारित कुटुंबाला मुलाविषयीच्या निर्णयात अधिकृत स्थान दिले, आणि त्यासाठी भरवली जाणारी कुटुंबाची बैठक आज युरोपातही घेतली जाते. वाणी, शेजारी आणि मामा यांचे जे जाळे वरील ताईंनी सांगितले, त्याची मांडणी आपण कधी केलीच नाही, याची मला एक शिक्षक म्हणून खंत वाटते.

उत्तर: बालसंरक्षण समाजकार्यकर्ती, इंग्लंड (मूळ नाशिक)

माझा मार्ग थोडा वेगळा आहे. मी अशाच एका कार्यक्रमासाठी आले होते, पुढे येथेच शिक्षण पूर्ण केले आणि गेली नऊ वर्षे एका नगर परिषदेच्या बालसेवा विभागात काम करते.

आधी तुम्ही उल्लेखलेल्या हेव्याविषयी. इंग्लंडमध्ये २००५ पासून नोंदणी नसताना स्वतःला समाजकार्यकर्ता म्हणवून घेता येत नाही आणि २०१९ च्या डिसेंबरपासून ही नोंदणी स्वतंत्र नियामक संस्थेकडे आहे. नोंदणीचे पत्र हातात आले तेव्हा मी ते नाशिकला आईला वाचून दाखवले होते. व्यवसाय म्हणून मिळालेली ती ओळख माझ्यासाठी मोलाची आहे. भारतातही २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला आहे, ही गोष्ट तुमच्या पदाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मात्र परवाना मिळाला म्हणून मी कोण आहे हे मला कळले, असे झाले नाही. नाशिकमध्ये वस्तीतील मुले मला ताई म्हणत आणि त्या एका शब्दाने अर्धे दार उघडे होई. येथे सगळे मला नावाने हाक मारतात, आणि मी दारात उभी राहिले की कित्येक आयांच्या चेहऱ्यावर पहिली भावना भीतीची असते, कारण मी त्यांचे मूल नेण्याची शिफारस न्यायालयाला करू शकते. भारतात माझ्याजवळ अधिकार कमी आणि नाते अधिक होते. येथे ते प्रमाण उलटे झाले. त्या बदलाशी जुळवून घेण्यास मला नोंदणी मिळवण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला.

एका गोष्टीसाठी तुम्ही मनाची तयारी ठेवा. तुम्हाला तेथे भारताच्या वतीने उत्तरे द्यावी लागतील. नॉर्वेतील स्टाव्हँगर येथे २०११ मध्ये एका भारतीय दांपत्याची दोन लहान मुले बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली. भारत सरकारने हस्तक्षेप केला आणि २०१२ मध्ये ती मुले काकांकडे सोपवून भारतात पाठवण्यात आली. मुलाला हाताने भरवणे आणि आईवडिलांनी त्याला शेजारी घेऊन झोपणे, यांवर तेव्हा जगभर चर्चा झाली. युरोपातील समाजकार्यकर्त्यांत तो विषय अजून निघतो आणि समोर भारतीय सहकारी असला, की प्रश्न त्याच्याकडे वळतो.

माझ्या विभागात भारतीय किंवा नेपाळी कुटुंबाचे प्रकरण आले, की सहकारी मला विचारतात, 'हे तुमच्या संस्कृतीत चालते का?' हाताने भरवण्याविषयी विचारले, तर मी आनंदाने आणि सविस्तर सांगते. माझ्या आजीच्या हातचा दहीभाताचा घास मला आठवतो आणि तो आठवत मी अहवालातील एक चुकीचे वाक्य दुरुस्त करून घेते. पण एकदा आठ वर्षांच्या मुलाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते, वडील माझ्याशी हिंदीत बोलू लागले आणि म्हणाले, 'दीदी, तुम्हाला तर माहीत आहे, आपल्याकडे असेच वाढवतात.' त्या क्षणी संस्कृतीचा आधार घेऊन मी गप्प राहिले असते, तर ती त्या मुलाशी प्रतारणा ठरली असती. मी त्यांना हिंदीतच सांगितले, की मलाही लहानपणी मारले आहे आणि ते मला आजही आठवते. तुम्ही ज्या देशात जात आहात, त्याने १९७९ मध्ये मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली, आणि ती घालणारा तो जगातील पहिला देश. तेथे कोणी याविषयी विचारले, तर आपल्या सगळ्याच गोष्टींचे समर्थन करण्याचे ओझे घेऊ नका, आणि त्यांच्यासमोर बरे दिसावे म्हणून आपल्या सगळ्याच गोष्टी नाकारूही नका. हा तोल पाच आठवड्यांत साधत नाही. मला नऊ वर्षांनंतरही तो प्रत्येक घरात नव्याने शोधावा लागतो.

उत्तर: स्वयंसेवी संस्थेतील कार्यकर्ता, कोकण

मी जर्मनीत तीन आठवडे होतो. वरील सर्वांनी तेथील अनुभवाविषयी लिहिले आहे, म्हणून मी फक्त परतल्यानंतरच्या वर्षाविषयी लिहितो, कारण त्याविषयी मला आधी कोणी सावध केले नव्हते.

मी तेव्हा ज्या संस्थेत होतो, तिने माझे छायाचित्र वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठाच्या आत छापले. परंतु मी काय पाहिले, हे कोणीही विचारले नाही. मी दोन लहान सूचना मांडल्या. मुलांच्या नोंदींचे कपाट कुलपात असावे, आणि प्रत्येक कार्यकर्त्याला महिन्यातून एकदा तासभर वरिष्ठांसमोर आपल्या प्रकरणांविषयी आणि स्वतःच्या थकव्याविषयी बोलता यावे. 'तिकडचे तिकडे,' एवढे उत्तर मिळाले. मग प्रत्येक बैठकीत माझ्या तोंडी 'तिकडे असे असते' हे वाक्य येऊ लागले आणि सहकारी माझ्यापासून दूर होऊ लागले. शेवटी पत्नीने मला सांगितले, की तुम्ही गेल्या सहा महिन्यांत इथल्या एकाही मुलाविषयी घरी बोलला नाहीत. ते ऐकून मला फार वाईट वाटले, कारण ते खरे होते.

नंतर मी वेगवेगळ्या संस्थांतील चार मित्रांना बोलावले. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही बसतो, एकजण आपले प्रकरण मांडतो, बाकीचे फक्त प्रश्न विचारतात आणि सल्ला देत नाहीत. सहा वर्षे हे चालू आहे. ताई, निघण्यापूर्वी आपल्या रुग्णालयातील एक व्यक्ती निश्चित करून ठेवा, जी परतल्यावर तुमचे सगळे ऐकून घेईल. परिचारिका असो वा शिपाई, चालेल; पण अशी एक व्यक्ती असू द्या.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. दोन दिवस मी हे सारे पुन्हा पुन्हा वाचत आहे. परतल्यावर माझे ऐकून घेण्यासाठी आमच्या मेडिसिन वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना मी काल विचारले आणि त्या लगेच हो म्हणाल्या. त्यांनी फक्त एक अट घातली: त्यांना तेथील रात्रपाळी कशी असते, ते नीट पाहून येऊन सांगायचे.

प्राध्यापक सरांनी सांगितलेल्या मुलीची गोष्ट वाचून मी काल रात्री एक प्रकरण इंग्रजीत मांडून पाहिले. साधेच प्रकरण निवडले होते: ऊसतोडीहून परतताना आजारी पडलेली, एकटी दाखल झालेली साठीची बाई. दुसऱ्याच वाक्यात अडले. आमच्याकडे रुग्ण आला, की सगळ्यांत आधी विचारतात, 'तुमच्याबरोबर कोणी माणूस आहे का?' मी रोज तीस वेळा हे विचारते. इंग्रजीत लिहिताना नातेवाईक हा शब्द घातला, मग काळजीवाहक घातला, आणि दोन्ही खोडले. आम्ही 'माणूस' म्हणतो, तेव्हा तो मुलगा असू शकतो, मुकादम असू शकतो, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची सून असू शकते. कोणी नसेल, तर औषध आणायला, सही करायला, रात्री बसायला माणूस शोधणे हे माझे काम ठरते, आणि त्या बाईसाठी मी तो तिच्याच टोळीतल्या एका मुलीत शोधला होता. चौदा वर्षांत माझ्या पदाच्या कर्तव्यसूचीत हा शब्द कुठे आलेला नाही.

मग मी ते वाक्य तसेच मराठीत ठेवले आणि खाली चार ओळींत समजावून लिहिले. पहिल्या आठवड्यात हेच प्रकरण मांडणार आहे. आणि तेथील कुराटोरांना एवढे विचारणार आहे, की तुमच्या रुग्णाबरोबर कोणीच माणूस नसतो, तेव्हा तुम्ही सगळ्यांत आधी कोणाला फोन करता?